खेड्यात फायबर ओढण्याआधी: सीमाभागातल्या नवख्यांसाठी कराचा हिशेब

‘खेड्यात इंटरनेट दिलं की दहा वर्षं टॅक्स माफ’ असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी माणूस तुम्हाला भेटलेला असणार. जांबोटीच्या चहाच्या टपरीवर, नाहीतर मोबाइलवरच्या एखाद्या व्हिडिओत. मी बेळगावात केबलवाल्यांची आणि छोट्या इंटरनेटवाल्यांची खाती लिहितो. दरवर्षी पाऊस सुरू झाला की खानापूर किंवा निपाणीकडचा कुणीतरी बिलांची पिशवी घेऊन येतो आणि पहिलाच प्रश्न टाकतो, ‘ती खेड्याची सवलत कुठल्या फॉर्मवर मागायची?’

त्या नावाचा फॉर्मच नाही. सवलती आहेत, पण पाच ठिकाणी विखुरलेल्या, आणि त्यातल्या बहुतेक केबल ओढण्याआधी ठरवाव्या लागतात. म्हणून हा लेख पायऱ्यांच्या क्रमानं लिहिला आहे.

पायरी पहिली: जुनी माफी विसरा

दहा वर्षांची गोष्ट अगदीच खोटी नाही, म्हणून तर ती मरत नाही. आयकर कायद्याच्या ८०-आयए कलमात दूरसंचार सेवेला पहिली पाच वर्षं नफ्यावर शंभर टक्के आणि पुढची पाच वर्षं तीस टक्के वजावट होती. ब्रॉडबँड नेटवर्क आणि इंटरनेट सेवा यांचा त्यात नावानिशी उल्लेख होता. पण ती होती १ एप्रिल १९९५ ते ३१ मार्च २००५ या काळात सेवा सुरू केलेल्यांसाठी. आज सुरू करणाऱ्याला त्यातलं काही मिळत नाही. एका पोराकडून कुणा सल्लागारानं ही माफी ‘काढून देतो’ म्हणून पैसे घेतले होते. विवरणपत्र भरलंही होतं. पुढे नोटीस आली ती पोराच्या नावावर, सल्लागाराच्या नव्हे.

दुसरी अफवा परवाना शुल्कमाफीची. दूरसंचार नियामक ट्रायनं ऑगस्ट २०२१ मध्ये तारेवरच्या ब्रॉडबँडचं परवाना शुल्क किमान पाच वर्षं माफ करावं, अशी शिफारस केली होती. खेड्यातल्या ग्राहकाला मासिक बिलाची निम्मी रक्कम, जास्तीत जास्त २०० रुपये, परत द्यावी असंही त्यात होतं. शिफारशीची बातमी छापून आली की लोक तिला कायदा समजून बसतात. त्या भरवशावर दर ठरवू नका.

तिसरी स्टार्टअपची. ८०-आयएसी कलमात दहापैकी सलग तीन वर्षं शंभर टक्के वजावट आहे, पण ती कंपनी किंवा एलएलपीलाच (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला), आणि काहीतरी नवं करताय असं केंद्राच्या मंडळाला पटवून प्रमाणपत्र मिळवल्यावर. चार गावांत केबल फिरवणं हे कष्टाचं काम आहे, पण त्याला मंडळ ‘नावीन्य’ म्हणेल असं मला वाटत नाही.

एक खुलासा इथंच करतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा, २०२५ लागू झाला आणि कलमांचे आकडे बदलले. मी जुनेच आकडे लिहितोय, कारण सीए आणि बँकवाले अजून तेच बोलतात.

पायरी दुसरी: तुम्ही नेमके कोण, ते ठरवा

कर कुणाला किती, हे या एका उत्तरावर ठरतं. आणि नवखा माणूस नेमका हाच प्रश्न टाळतो.

सगळ्यात सोपा दरवाजा पीएम-वाणीचा. ९ डिसेंबर २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मंजूर केलेल्या या योजनेत किराणा दुकानदारसुद्धा सार्वजनिक वायफाय देऊ शकतो. परवाना नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही. अशा दुकानाला ‘पब्लिक डेटा ऑफिस’ म्हणजे पीडीओ म्हणतात. आपल्याकडे पीडीओ म्हटलं की पंचायतीचा विकास अधिकारी, त्यामुळे ‘मी पीडीओ होणार आहे’ असं गावात सांगितलंत तर लोक हात जोडतील. गमतीचा भाग सोडा. जून २०२५ मध्ये ट्रायनं ठरवून दिलं की २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन अशा दुकानांना द्यायचे, आणि किरकोळ ग्राहकाच्या दुपटीपेक्षा जास्त दर लावायचा नाही. बाजाराच्या गावी, एसटी थांब्याजवळ दुकान असेल तर सुरुवात इथून करा. कराच्या भानगडी जवळपास नाहीत.

दुसरा दरवाजा मोठ्या कंपनीचा स्थानिक भागीदार होण्याचा. बहुतेक केबलवाले याच वाटेनं जातात. परवाना कंपनीचा, ग्राहकाला बिल बहुधा कंपनीचं, तुम्हाला महिन्याला हिस्सा. सुधारित भारतनेट कार्यक्रम (मंजुरी ४ ऑगस्ट २०२३, तरतूद १,३९,५७९ कोटी रुपये) याच प्रकारात बसतो: पंचायतीपर्यंतचं फायबर सरकारचं, तिथून घरापर्यंतची जोडणी आणि देखभाल गावातल्या उद्यमीची, उत्पन्नात वाटा.

तिसरा दरवाजा स्वतःचा परवाना. छोट्या माणसासाठी ‘क’ वर्गाचा आयएसपी, म्हणजे इंटरनेट सेवा देण्याचा, परवाना असतो. युनिफाइड लायसन्सच्या पद्धतीत त्याचं प्रवेश शुल्क २०,००० रुपये होतं, ‘ब’ वर्गाचं दोन लाख, देशभराच्या ‘अ’ वर्गाचं तीस लाख. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानं परवान्याच्या जागी प्राधिकाराची नवी चौकट आणली आहे, तेव्हा पैसे भरण्याआधी दूरसंचार खात्याच्या सरल संचार पोर्टलवरचा त्या दिवशीचा आकडा बघून घ्या. शिवाय समायोजित उत्पन्नावर आठ टक्के शुल्काची रचना आहे. त्या आठांतले पाच पूर्वीच्या सार्वत्रिक सेवा निधीत जात. तोच निधी आता डिजिटल भारत निधी. खेड्यातलं इंटरनेट वाढवायला सरकारचा खरा पैसा या निधीतून येतो. २००५ नंतर सरकारनं करमाफीची वाट सोडून निधीची वाट धरली, असं मी समजतो. हे एकदा ध्यानात आलं की माणूस आयकर कार्यालयात सवलत शोधत बसत नाही.

भागीदारीच्या वाटेनं जाणाऱ्यांनी करारातला एक शब्द बोट ठेवून वाचावा: ‘कमिशन’. कमिशनच्या उत्पन्नाला ४४एडीची सोपी अंदाजी करपद्धत (तिचा हिशेब सहाव्या पायरीत) चालत नाही. तुम्ही जोडणी, दुरुस्ती, वसुली असं काम करता आणि त्याचे पैसे घेता, असा करार असेल तर ती चालू शकते. टीडीएसही, म्हणजे पैसे देणाऱ्यानं आधीच कापलेला कर, वेगळा पडतो. कमिशनवर १ ऑक्टोबर २०२४ पासून दोन टक्के, कामाच्या कंत्राटावर एकट्या माणसाला एक टक्का. नुसता कागदावरचा शब्द फिरवून भागत नाही, काम खरंच तसं असलं पाहिजे. पण काम तसं असूनही करारात ‘कमिशन’ पडलेलं मी कितीतरी वेळा पाहिलंय, कारण करार छापील येतो आणि आपण शेवटच्या पानावर सही करून मोकळे होतो.

पायरी तिसरी: एकट्याच्या नावावर की भागीदारी संस्था?

तीन मित्र एकत्र येतात, पहिल्या उत्साहात ‘फर्म’ काढतात. थांबा. नव्या करपद्धतीत रहिवासी व्यक्तीचं एकूण उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर २०२५-२६ पासून नेहमीच्या उत्पन्नावर आयकर शून्य येतो. भागीदारी संस्थेला ही सूट नाही. तिला पहिल्या रुपयापासून तीस टक्के आणि वर उपकर. यातून वाट आहे. भागीदारी करारपत्रात लिहिलेलं असेल तर भागीदारांना पगार देता येतो आणि तो संस्थेच्या नफ्यातून वजा होतो. पहिल्या सहा लाखांच्या पुस्तकी नफ्यावर (भागीदारांचा पगार वजा करण्याआधीच्या) तीन लाख किंवा नव्वद टक्के, यातलं जे जास्त असेल ते, आणि त्यापुढच्या नफ्यावर साठ टक्के. भांडवलावर बारा टक्क्यांपर्यंत व्याजही देता येतं. तो पगार भागीदाराच्या हातात गेला की तिथं बारा लाखांची सूट लागू होते. मात्र १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला वर्षाला वीस हजारांवर पैसे दिले की संस्थेनं दहा टक्के टीडीएस कापायचा आहे. हे विसरलेल्या दोन संस्थांची खाती मी सध्या निस्तरतोय.

करारपत्रात पगाराचं कलम नसेल तर यातलं काही मिळत नाही. स्टॅम्प पेपर घेतानाच ते घालून घ्या.

पायरी चौथी: रेघ कुठून जाते ते बघा

हा भाग पुण्या-मुंबईच्या लेखांत सापडणार नाही. आपल्या सोयरिकी चंदगडात, बाजार गडहिंग्लजला, मुलगी कागलला दिलेली. बेळगावहून शिनोळीला जाताना राज्य कधी बदललं ते ध्यानातही येत नाही. केबललाही येत नाही. एका खांबावरून दुसऱ्या खांबावर गेली की झालं. कागदाला मात्र सगळं कळतं.

‘क’ वर्गाचा परवाना एका एसएसएपुरता, म्हणजे ढोबळमानानं दूरध्वनीच्या जुन्या जिल्ह्यापुरता असतो. बेळगाव एसएसए कर्नाटकाच्या परिमंडळात, कोल्हापूर महाराष्ट्राच्या, आणि गोवाही महाराष्ट्राच्याच परिमंडळात. तेव्हा बेळगावच्या परवान्यावर चंदगड तालुक्यातल्या मेहुण्याच्या घरी जोडणी दिलीत तर ते परवान्याबाहेरचं काम झालं. पलीकडच्या गावातून मागणी असेल तर तिकडचा परवाना असलेल्याशी बोला.

जीएसटीतही रेघ आहे. तारेवरच्या इंटरनेटसाठी सेवेचं ठिकाण म्हणजे जिथं ग्राहकाच्या घरी तार बसवली ते ठिकाण. बिल निपाणीत फाडलं म्हणून ती कर्नाटकातली सेवा होत नाही. तार महाराष्ट्रातल्या घरात गेली असेल तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी. आणि कंपोझिशन योजनेत (ठरावीक कमी दरानं जीएसटी भरायची योजना, पुढच्या पायरीत येते) राज्याबाहेर सेवा देताच येत नाही. एका मेहुण्याच्या जोडणीपायी सगळी योजना हातची जाऊ शकते.

शेवटची रेघ नावांची. १ नोव्हेंबर २०१४ ला जिल्ह्याचं सरकारी नाव बेळगावी झालं. जुन्या उताऱ्यावर बेळगाव, हेस्कॉमच्या वीजबिलावर बेळगावी, आधारवर गावाचं नाव मराठी उच्चारानं आणि पंचायतीच्या दाखल्यावर कन्नड वळणानं. नावाच्या वादात इथं कुणालाच पडायचं नाही. पण जीएसटी नोंदणीचा अर्ज पत्ता जुळत नाही म्हणून अडकतो, हे रोजचंच आहे. अर्ज करण्याआधी वीजबिल, भाडेपत्र आणि पंचायतीचा दाखला या तिन्हींवर गावाचं एकच स्पेलिंग करून घ्या. कन्नड कागद वाचता येत नसेल तर सहीआधी कुणाकडून तरी वाचून घ्या. लाज कसली त्यात?

पायरी पाचवी: जीएसटी घ्यायचा की नाही

सेवा-व्यवसायाला कर्नाटकात वर्षाची उलाढाल वीस लाखांपर्यंत असेल तर नोंदणीची सक्ती नसते. इंटरनेटवर दर अठरा टक्के, खेडं असो की शहर. खेड्यासाठी वेगळा दर नाही. मग सवलत कुठली? खरेदीवर भरलेला जीएसटी परत वापरता येणं, म्हणजे क्रेडिट. ते मिळतं नोंदणी घेतलेल्यालाच.

आकडे घेऊन बघू. समजा तुम्ही स्वतः बिल करता, दीडशे घरं, महिना चारशे रुपये सगळं धरून. वर्षाला ७,२०,००० रुपये. सुरुवातीला फायबर, ओएलटी (घरोघरच्या फायबर जोडण्या जिथं एकत्र येतात ते यंत्र), फायबर जोडायचं स्प्लायसिंग मशीन, बॅटऱ्या असं नऊ लाखांचं सामान घेतलंत, त्यावर जीएसटी १,६२,०००. बँडविड्थ महिना वीस हजार, तिच्यावरचा जीएसटी वर्षाला ४३,२००.

नोंदणी घेतली तर वर्षाच्या वसुलीतले १,०९,८३१ रुपये सरकारचे. पण पहिल्या वर्षी तुमच्याकडे २,०५,२०० चं क्रेडिट आहे, त्यामुळे रोख काहीच भरायचं नाही आणि ९५,३६९ पुढे जातात. दुसऱ्या वर्षीही रोख शून्य, २८,७३८ शिल्लक. तिसऱ्या वर्षी ३७,८९३ रोख भरावे लागतात आणि चौथ्यापासून दरवर्षी ६६,६३१. नोंदणी नसेल तर सामानावरचे १,६२,००० आणि दरसालचे ४३,२०० तुमच्याच खिशातून गेले, पण वसुलीतलं सरकारला काही द्यायचं नाही. तीन वर्षांची बेरीज केली तर खरेदीवर भरलेला जीएसटी धरून नोंदणीवाल्याचे ३,२९,४९३ गेले, बिननोंदणीवाल्याचे २,९१,६००. म्हणजे लहान धंद्यात, सगळे घरगुती ग्राहक असताना, नोंदणी न घेणारा थोडा पुढेच राहतो, आणि विवरणपत्रं भरायचा खर्च वाचतो तो वेगळा.

मग घ्यायची कुणी? ज्याचे ग्राहक पतसंस्था, शाळा, दूध संघ, गुऱ्हाळाच्या पुढे गेलेले कारखानदार आहेत त्यानं. त्यांना जीएसटीचं बिल लागतं आणि त्यांच्यापैकी काहींना त्याचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे अठरा टक्के वर लावले तरी ते कुरकुरत नाहीत. शिवाय ज्याला दरवर्षी नवी गावं जोडत जायचंय, म्हणजे खरेदी थांबणारच नाही, त्यानंही घ्यावी.

उलाढाल वीस ते पन्नास लाखांच्या मध्ये असेल तर कंपोझिशनचा विचार करा. सेवांसाठी दर सहा टक्के, पण क्रेडिट नाही आणि ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही. तीस लाखांच्या वसुलीवर कंपोझिशनमध्ये १,८०,००० जातात, नेहमीच्या पद्धतीत क्रेडिट धरण्याआधी ४,५७,६२७. फरक २,७७,६२७. म्हणजे वर्षाची जीएसटीवाली खरेदी साधारण साडेपंधरा लाखांच्या वर असेल तर नेहमीची पद्धत बरी, खाली असेल तर कंपोझिशन. हा हिशेब दर मार्चला नव्यानं करा.

क्रेडिट घेणाऱ्यांसाठी एक कागद छापून ठेवण्यासारखा आहे. जमिनीखालच्या नळ्या आणि चेंबर म्हणजे ‘बांधकाम’, त्यांचं क्रेडिट नाही, असं अधिकारी म्हणत. २६ जून २०२४ च्या २१९ क्रमांकाच्या परिपत्रकानं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळानं स्पष्ट केलं की ऑप्टिकल फायबरच्या जाळ्यातल्या डक्ट आणि मॅनहोल यांच्या क्रेडिटवर बंदी नाही. खानापूरच्या लाल मातीत नळी पुरण्यावरच निम्मा खर्च होतो, तेव्हा हा फायदा किरकोळ नाही.

आणि दोन खड्डे. ज्या जीएसटीचं क्रेडिट घेतलंत ती रक्कम मालमत्तेच्या किमतीत धरून तिच्यावर घसारा (सामानाच्या घटत्या किमतीची दरवर्षीची वजावट) घेता येत नाही. एकाच रुपयाचा दोनदा फायदा नाही. दुसरा खड्डा भाड्याचा. १० ऑक्टोबर २०२४ पासून, नोंदणी असलेल्यानं नोंदणी नसलेल्या मालकाकडून व्यापारी जागा भाड्यानं घेतली तर त्या भाड्यावरचा जीएसटी भाडेकरूनं स्वतः भरायचा. ओएलटीचं कपाट ठेवायला गावातली खोली घेता ना, तिथं हे लागतं. भरलेला कर क्रेडिटमध्ये परत येतो, पण भरलाच नाही तर व्याज लागतं. कंपोझिशनवाल्यांना यातून वगळलं आहे.

पायरी सहावी: घसारा, आणि दसऱ्याचा मुहूर्त

या धंद्यात पैसा आधी मातीत जातो, कमाई मागून येते. म्हणून घसारा हीच खेड्यातल्या इंटरनेटवाल्याची खरी आयकर सवलत. यंत्रसामग्रीवर पंधरा टक्के, संगणकावर चाळीस. राउटर आणि स्विच कशात? मुंबईच्या आयकर न्यायाधिकरणाच्या विशेष पीठानं २०१० मध्ये डेटाक्राफ्ट प्रकरणात सांगितलं की संगणकाबरोबर वापरले जाणारे राउटर-स्विच हे संगणकच. म्हणून दुकानदाराला सांगा, बिलावर ‘नेटवर्किंग सामान, एकूण’ असं लिहू नको. राउटर वेगळे, स्विच वेगळे, केबल वेगळी, खांब वेगळे. एका ओळीच्या बिलावर चाळीस टक्के मागायला गेलात तर अधिकारी पंधरावर आणून ठेवतो.

मालमत्ता वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर त्या वर्षी घसारा अर्धाच. उलटे दिवस मोजले तर साधारण ३ ऑक्टोबरच्या आत सेवा चालू झाली पाहिजे. आपल्याकडे मुहूर्त दसऱ्याचा. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता, म्हणजे काठावर बसला. २०२६ मध्ये तो २० ऑक्टोबरला आहे, म्हणजे त्या मुहूर्तावर बटण दाबलंत तर अर्धा घसारा पुढच्या वर्षांवर ढकलला जातो. बुडत नाही, पण लांबतो. त्यापेक्षा यंदा गणपतीत, १४ सप्टेंबरला उद्घाटन करा. मंडळात फुकट वायफाय दिलंत तर जाहिरातही होते.

नफ्यापेक्षा घसारा जास्त झाला तर उरलेला पुढे नेता येतो, त्याला वर्षांची मर्यादा नाही. धंद्याचा साधा तोटा मात्र आठच वर्षं, आणि तोही विवरणपत्र मुदतीत भरलं तरच.

आता ४४एडी. दोन कोटींपर्यंतच्या उलाढालीला (रोखीचा भाग पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटी) रोख वसुलीच्या आठ आणि डिजिटल वसुलीच्या सहा टक्के नफा धरून मोकळं होता येतं. सोपं आहे, पण घसारा त्यातच धरलेला असतो, वेगळा मागता येत नाही. पहिली दोन-तीन वर्षं खरोखर तोट्यात जाणार असतील तर पुस्तकं ठेवणंच बरं. शिवाय एकदा ही पद्धत घेऊन पाच वर्षांच्या आत सोडली तर पुढची पाच वर्षं ती परत मिळत नाही. एकूण उत्पन्न बारा लाखांच्या आतच असेल तर तुम्ही म्हणाल, कर शून्यच आहे, मग एवढा खटाटोप कशाला? बँकेसाठी. दुसऱ्या टप्प्याचं कर्ज मागायला जाल तेव्हा मॅनेजर विवरणपत्रंच मागतो, आणि तिथं अंदाजी नफ्याच्या एका ओळीपेक्षा ताळेबंद वजनदार ठरतो.

स्वतःचा परवाना घेतलेल्यांनी प्रवेश शुल्क एका वर्षात खर्ची टाकू नये. ३५एबीबी कलमाप्रमाणे ते परवान्याच्या मुदतीवर वाटायचं. वीस हजार रुपये वीस वर्षांवर म्हणजे वर्षाला हजार. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये भारती हेक्साकॉमच्या प्रकरणात दरवर्षीचं बदलतं परवाना शुल्कही याच कलमात ढकललं, हे तुमच्या सीएला आठवण करून द्या.

पगारी माणसं ठेवून ८०जेजेएए ची वजावट (नव्या नोकरांच्या पगाराचे तीस टक्के, तीन वर्षं) मिळते खरी, पण ती लेखापरीक्षण लागणाऱ्या मोठ्या धंद्याला. चार पोरांच्या टीमनं तिच्या मागे लागू नये.

पायरी सातवी: अनुदान घेतलंत तर ते लपवू नका

पीएमईजीपीमध्ये, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात, सेवा-व्यवसायाचा प्रकल्प वीस लाखांपर्यंत धरतात. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला पंचवीस टक्के, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक, माजी सैनिक यांना पस्तीस टक्के अनुदान. सीमाभागातल्या कितीतरी घरांत निवृत्त फौजी आहेत. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्रच बेळगावात. ते घरात असतील तर अर्ज कुणाच्या नावानं करायचा, हे वेगळं सांगायला नको. मात्र योजना नव्याच धंद्याला आहे आणि घरटी एकालाच. आधी केबल टाकून मग अर्ज करणारे हात हलवत परत येतात. योजनेची ही चौकट २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी मंजूर होती, तेव्हा आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन खिडकी उघडी असल्याची खात्री करून घ्या.

कराच्या बाजूनं नियम असा: सामानासाठी मिळालेलं अनुदान त्या सामानाच्या किमतीतून वजा करायचं आणि उरलेल्यावरच घसारा घ्यायचा. दहा लाखांच्या सामानावर साडेतीन लाख अनुदान मिळालं तर घसारा साडेसहा लाखांवर. किमतीतून वजा केलं नाही तर ते उत्पन्न धरलं जाऊ शकतं.

पायरी आठवी: खांब, रस्ता, पंचायत

गावात केबल टाकली की पंचायतीकडून कधीकधी मालमत्ता कराची मागणी येते. दूरसंचार कायदा, २०२३ चं १४ वं कलम २६ जून २०२४ पासून लागू आहे. त्याप्रमाणे एखाद्या मालमत्तेवर बसवलेलं दूरसंचार जाळं त्या मालमत्तेचा भाग धरायचं नाही, मालमत्ता कर, उपकर किंवा शुल्कासाठीही नाही. कुणाच्या गच्चीवर तुमचा खांब उभा असेल तर त्या घरमालकालाही हे सांगा; घरपट्टी वाढेल या भीतीनंच लोक परवानगी नाकारतात.

रस्ता खोदण्याचे पैसे मात्र द्यावे लागतात. मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. अर्ज गतिशक्ती संचार पोर्टलवरून करा. तोंडी परवानगीवर खोदलेली नळी उद्या रस्ता रुंदीकरणात जेसीबीनं उखडली तर भरपाई मागायला तुमच्याकडे कागद नसतो. हेस्कॉमच्या विजेच्या खांबांवरून केबल नेणार असाल तर त्यांची लेखी परवानगी वेगळी. कणकुंबी-भीमगडच्या बाजूला वनखात्याची आणखी वेगळी, आणि तिला वेळ लागतो. जंगलातली गावं दुसऱ्या टप्प्यात ठेवा.

या सगळ्या शुल्कांच्या पावत्या जपा. त्या खर्चात किंवा मालमत्तेच्या किमतीत धरता येतात, पण पावती असेल तरच. सरपंचाच्या पोराच्या हातात दिलेले पाच हजार कुठल्याच रकान्यात बसत नाहीत.

पायरी नववी: पहिल्या दिवसाची फाइल

धंद्याचं चालू खातं वेगळं काढा. घरच्या खात्यावर ग्राहकांचे यूपीआय येऊ लागले की वर्षअखेर बहिणीनं भाऊबीजेला पाठवलेले पैसेही उलाढालीत मोजले जातात. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि फुकट आहे. तिचे पैसे मागणाऱ्याला हाकलून द्या. कंपनीनं कापलेला टीडीएस २६एएस मध्ये (आयकर खात्याकडच्या, तुमच्या नावावर जमा कराच्या उताऱ्यात) दिसतो का ते दर तिमाहीला बघा. दिसत नसेल तर मार्चपर्यंत वाट न बघता तेव्हाच मेल करा, फोनवरच्या आश्वासनाला अर्थ नाही.

आणि ज्या दिवशी ओएलटी चालू होईल त्या दिवशी तिच्या स्क्रीनवरची तारीख, पहिल्या ग्राहकाचं बिल आणि त्याच्या घरातल्या ओएनयूचा (फायबरच्या टोकाला बसवलेल्या पेटीचा) नंबर दिसेल असा फोटो काढून फाइलला लावा. घसाऱ्याचे १८० दिवस कधीपासून मोजायचे, हे अधिकारी तीन वर्षांनी विचारतो, आणि तोवर कपाटातली पहिली ओएलटी बहुधा वळवाच्या विजेनं जळून बदललेली असते.